अजनीच्या झाडांचं वय

शहरात झाडं तोडायची असतील तर आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. ती छापून येते त्या पानाकडे सहसा कुणी फिरकत नाही. निविदा, नावात बदल, हरवलेली गुणपत्रिका, 'सदर मालमत्तेवर कोणाचा हक्क असल्यास'... असलं ते पान. मी लोकांचे आयकर-जीएसटीचे कागद भरते, त्यामुळे ते पान वाचायची सवय आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात अजनीची नोटीस आली तेव्हा मात्र ती मी वाचायच्या आधीच चार व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडली होती. कोरोनाची दुसरी लाट, सगळे घरात, हातात मोबाईल. एरवी त्या पानावर आलं तसं विरून गेलं असतं.

अजनी म्हणजे नागपूर स्टेशनच्या दक्षिणेचं पुढचं स्टेशन. बाहेरगावच्यांना अजनी माहीत असते ती गाडीच्या नावापुरती, नागपूरकरांना लोको शेडमुळे. स्टेशनाला लागून रेल्वेची जुनी वसाहत आहे. नागपुरात १८६७ साली रेल्वे आली. पुढे इंग्रजांच्या काळात कौलारू क्वार्टर, ऐसपैस अंगणं आणि मधून अरुंद रस्ते अशी ही वसाहत वाढत गेली. झाडं काही कुणी ठरवून लावली, बाकीची पाखरांनी. कडुनिंब, चिंच, जांभूळ, आंबा, उंबर, करंज, रेन ट्री, मध्येच एखादा मोह किंवा कवठ. आमच्या घरापासून हा भाग पायी अंतरावर. मे महिन्यात मेडिकल चौकातून वसाहतीत शिरलं की फरक आधी कातडीला कळतो. या शहरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश सोसले आहेत, त्यामुळे सावली हा आमच्याकडे कवितेचा विषय नाही.

तिथे इंटर मोडल स्टेशन होणार होतं. रेल्वे, बस, मेट्रो, टॅक्सी सगळं एकाच ठिकाणी, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा मोठा प्रकल्प. पहिल्याच टप्प्यात तुटणाऱ्या झाडांची संख्या हजारांत होती. लोकांनी त्या परिसराला 'अजनी वन' म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. त्याआधी भरतनगर ते तेलंगखेडी रस्त्याच्या वेळी कृषी विद्यापीठाच्या जमिनीवरच्या झाडांसाठी लोक उभे राहिले होते, तेव्हा 'भरत वन' झालं होतं. तीच पद्धत. नकाशावर 'रेल्वेची जागा' लिहिलेलं असतं तोवर कुणाला काही वाटत नाही. 'वन' म्हटलं की माणूस एकदा जाऊन बघून येतो.

प्रकल्पाची बाजू खोटी होती असं मी म्हणणार नाही. गणेशपेठेच्या बसस्टँडबाहेरची कोंडी ज्यानं सोसली आहे त्याला नवं स्टँड हवंच असतं. एका ऑटोवाल्या भाऊंनी मला सरळ ऐकवलं, "ताई, तुमच्याकडे गाडी आहे. आमच्या सवारीले उन्हात पूल चढून जा लागते, ते पाहा ना." मी काय बोलणार? वादाचा मुद्दा जागेचा होता. दाट झाडी नसलेली जमीन या शहरात दुसरीकडे मिळू शकते, साठ-सत्तर वर्षांची चिंच मिळत नाही. आमचं म्हणणं एवढंच होतं. पण ते म्हणायला रस्ता एकच असतो, लेखी हरकत.

ज्या कायद्याखाली ही हरकत घेतात त्याचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. नोटीस निघाली की हरकतीला सात दिवस. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे, त्यावर निर्णय वृक्ष प्राधिकरणाचा. ग्रुपवर एक तयार मसुदा फिरत होता. 'झाडे ही आपली फुप्फुसे आहेत' इथून सुरू होणारा, खाली नाव टाका आणि ई-मेल करा. हजारो लोकांनी हरकती पाठवल्या आणि त्या संख्येचा दबाव पडतो, हे खरं. पण आयुष्यभर नोटिशींना उत्तरं लिहिल्यामुळे मला एक माहीत आहे: ज्या पत्रात भावना असते त्याला 'नोंद घेतली' असं उत्तर येतं. ज्यात आकडा असतो त्याला आकड्यानंच उत्तर द्यावं लागतं. मी माझ्या अर्जात फुप्फुसं काढून टाकली आणि चार प्रश्न लिहिले. झाडांची जातवार यादी कुठे आहे? प्रत्येकाचा घेर किती? वय कसं काढलं? बदल्यात लावायची रोपं कुठल्या जमिनीवर, आणि ती जगवणार कोण?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनाच तोंडपाठ होतं, शहराबाहेर कुठेतरी. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं मात्र आमच्याकडेही नव्हतं. 'आम्हाला यादी द्या' म्हणून बसून राहण्यापेक्षा आपणच यादी करावी, ही कल्पना वसाहतीतल्याच एका निवृत्त काकांची. रेल्वेच्या स्टोअरमध्ये नोकरी झालेली. ज्या वस्तूची नोंद रजिस्टरला नाही ती वस्तू नाहीच, हे त्यांचं ठाम मत. झाडालाही त्यांनी तोच नियम लावला.

मग आम्ही मोजत सुटलो. सकाळी सहा ते नऊ, कारण त्यानंतर उभं राहवत नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. मास्क, टोपी, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी. वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम झाडं ओळखायला, कॉलेजचे पोट्टे घेर मोजायला, मी लिहायला. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात, म्हणजे साधारण छातीशी. पहिल्याच चिंचेपाशी शिंप्याचा टेप अपुरा पडला. तो दीड मीटरचा असतो, चिंच त्याला जुमानेना. तेव्हापासून सुतळी. एकानं सुतळीचं टोक धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं खोडाला वळसा घालून यायचं, गाठ पडते तिथे चिमटीत पकडायचं आणि मग जमिनीवर पसरलेल्या मोठ्या टेपला लावून आकडा ओरडायचा. वळसा घालणाऱ्याच्या बाहीवर मुंगळे चढायचे. सालीच्या भेगेत कुणीतरी कधी ठोकलेला, आता निम्मा गिळला गेलेला खिळा हमखास सापडायचा. कपडे वाळत घालायच्या तारेचा.

हे काम जितकं सोपं वाटतं तितकं नाही. कडुनिंब छातीच्या खालीच दुभंगला असेल तर दोन घेर लिहायचे, पण झाड एकच. पिंपळ विहिरीच्या कठड्यातून उगवलेला असेल तर छातीची उंची कुठून धरायची? वडाच्या पारंब्या जमिनीत जाऊन खोडाएवढ्या झालेल्या, ते एक झाड की पाच? मॅडम म्हणाल्या एकच. एक पोट्टा म्हणाला, "पाच लिहा ना मॅडम, आपला आकडा वाढते." मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानंतर कुणी आकडा वाढवायचं नाव काढलं नाही. ते बरंच झालं. आपल्या यादीतलं एक झाड जरी खोटं निघालं तर बाकीची सगळी खोटी ठरतात.

वसाहतीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. एक आजी रोज विचारायच्या, "मोजून का करता जी? तोडाचेच हायेत ना." मग ताक आणून द्यायच्या. त्यांच्या अंगणातल्या जांभळावर हरियालांचा थवा उतरतो, हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे हे त्यांना मॅडमनी सांगितलं. आजी म्हणाल्या, "राज्याचा असन, पण जांभळं माह्याच झाडाचे खाते."

आता अडचणीचा भाग. ज्यांना सगळ्यात जास्त बोलायचं होतं त्यांना बोलता येत नव्हतं. क्वार्टरमध्ये राहणारे लोक नोकरीतले. घर नोकरीचं, जमीनही त्याच मालकाची. हरकतीखाली सही करा म्हटलं की चेहरा पडायचा. कुणी त्यांना धमकावलं होतं असं नाही. सरकारी नोकरीत माणूस आपणहून ओळखतो कुठे सही करायची नाही ते. आम्ही आग्रह सोडून दिला. बाहेरच्यांनी झाडांना मिठ्या मारायच्या आणि आतल्यांनी दार लावून घ्यायचं, असं विचित्र चित्र काही काळ होतं.

ते बदललं एका कायद्यामुळे. त्याच जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं १९७५ च्या कायद्यात दुरुस्तीचा निर्णय घेतला आणि पावसाळा संपायच्या आत ती अमलातही आली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'प्राचीन वृक्ष' ठरणार. झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, तीही सहा ते आठ फुटांची, आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची दोनशे किंवा त्याहून जास्त झाडं तोडायची असतील तर विषय थेट राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे. मी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. पन्नास वर्षांची हजार झाडं म्हणजे पन्नास हजार रोपं. एवढी जमीन आणायची कुठून, हा प्रश्न आता आमचा राहिला नाही, तो परवानगी मागणाऱ्याचा झाला.

पण वय सिद्ध कसं करणार? खोडाच्या आतली वलयं मोजायला खोड कापावं लागतं किंवा त्याला भोक पाडावं लागतं, आणि आपल्या हवेत बऱ्याच झाडांची वलयं धड उमटतही नाहीत. घेरावरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. नळाच्या गळतीवर वाढलेला कडुनिंब तीस वर्षांत जेवढा होतो तेवढा मुरमाड जागेतला साठ वर्षांतही होत नाही. समोरचा तज्ज्ञ म्हणेल चाळीस, आपला म्हणेल साठ.

इथे काकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, काम केलं. यादीच्या वहीत त्यांच्या क्वार्टरमागच्या कडुनिंबापुढे 'वय: अंदाजे ५०?' असं मी लिहिलं होतं. काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "प्रश्नचिन्ह कशाला? थांब." आतून लग्नाचा अल्बम आला. त्यांच्या सासरेबुवांच्या वेळेपासून हे कुटुंब याच वसाहतीत. काळी पानं, मध्ये जाळीदार पातळ कागद. एका फोटोत वऱ्हाडी मंडळी पंगतीला बसलेली, मागे मांडवाचा दोर एका झाडाला बांधलेला. झाडाचं खोड तेव्हाच माणसाच्या कमरेएवढं. फोटो सोडवून उलटा केला तर मागे सीताबर्डीतल्या स्टुडिओचा शिक्का आणि शाईनं तारीख, १९६९. अंगणातून तो फोटो समोर धरून उभं राहिलं की झाड तेच, फांदीचा कोपरा तोच, मागची गच्चीची कड तीच.

काकूंनी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अजनीतले जुने फोटो असतील तर पाठवा, मागे झाड दिसलं पाहिजे.' पुढे जे झालं ते आमच्यापैकी कुणी ठरवलेलं नव्हतं. रेल्वेवाले म्हणजे बदलीवाले. भुसावळ, इटारसी, आमला, बल्लारशा, कुठून कुठून फोटो यायला लागले. मुंजीचे, बारशाचे, नव्या लॅम्ब्रेटासोबतचे. एका फोटोत फाटकावर चढलेली तीन पोरं आणि मागे चिंच. एका बाईंनी लिहिलं होतं, माझ्या वडिलांचा हा एकच फोटो आहे, परत मिळेल ना? मी तो स्कॅन करून त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवला. सही करायला कचरणारे लोक फोटो द्यायला कचरत नव्हते. फोटोखाली सही लागत नाही.

त्यातले सगळे कामाला आले असं नाही. बहुतेकांत झाडाऐवजी मामाच जास्त. तारीख नसलेले आम्ही बाजूला ठेवले, जागा ओळखू न आलेले बाजूला ठेवले. उरले ते थोडे, पण पक्के. प्रत्येकासाठी एक पान केलं: डावीकडे जुना फोटो, उजवीकडे त्याच कोनातून काढलेला आजचा, खाली यादीतला क्रमांक, घेर, अक्षांश-रेखांश आणि फोटो देणाऱ्याच्या नावाऐवजी फक्त फोटोची तारीख. काकांनी स्वतः रजिस्टरला टाचण्या मारल्या आणि प्रत्येक पत्राच्या दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ते कुठल्याही खिडकीवरून हलले नाहीत. ई-मेल गेला असला तरी कागद द्यायचाच, हा त्यांचा हट्ट. चळवळीतल्या पोरांना तो जुनाट वाटायचा. वकिलांनी पहिली गोष्ट मागितली ती हीच, शिक्क्याची प्रत.

बाकीची चळवळही जोरात होती आणि तिच्याशिवाय आमचं रजिस्टर कपाटातच राहिलं असतं, हे मान्य करते. रविवारी लोक यायचे, फलक धरायचे, मुलं चित्रं काढायची. झाडाला मिठी मारून फोटो काढणं मला व्यक्तिशः जमत नाही, मुंगळ्यांचा अनुभव घेतल्यावर तर नाहीच. पण दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो यायचा आणि त्याच्यामुळे आणखी पन्नास जण यायचे. एक नेते आले, पाठिंबा जाहीर केला, कुठल्याशा झाडाखाली भाषण केलं. झाड बाभळीचं होतं, ते वड म्हणाले. जाऊ द्या.

सगळ्यांच्या मनात एक भीती सारखी असायची, आरेची. मुंबईत ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. म्हणून अजनीत रात्री कुठे ट्रकचा आवाज झाला तरी फोन वाजायचे. बहुतेक वेळा तो एफसीआयच्या गोदामाकडे जाणारा धान्याचा ट्रक असायचा.

प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. जनहित याचिका दाखल झाल्या आणि झाडं तोडायला अंतरिम स्थगिती मिळाली. कोर्टात आमचे फोटो किती चालले, कुठल्या मुद्द्यानं पारडं फिरलं, हे मी छातीठोक सांगणार नाही. याचिकेत शंभर गोष्टी असतात. पुढे २०२२ साली त्या जागेवरचा इंटर मोडल स्टेशनचा बेत गुंडाळला गेला. काहींनी पेढे वाटले. काकांनी वाटले नाहीत. "जमीन कुठे गेली का? इथेच आहे ना?" म्हणाले.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते नागपूर आणि अजनी या दोन्ही स्टेशनांच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. अजनीचा खर्च सुमारे ३६० कोटी. हे काम स्टेशनचं, इंटर मोडल स्टेशनपेक्षा वेगळं, आणि स्टेशन सुधारायला हवं यात मला शंका नाही. त्या ऑटोवाल्या भाऊंची सवारी अजूनही उन्हातच पूल चढते. पण बांधकाम म्हटलं की फाटक हलतं, रस्ता रुंद होतो, मशीन ठेवायला जागा लागते, आणि कुणी ठरवून तोडलं नाही तरी मुळांवर काँक्रीट ओतलं की झाड काही वर्षांत आपोआप वाळतं. त्याला कुठलीही नोटीस लागत नाही. म्हणून आता पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आम्ही यादी घेऊन फिरतो. प्रत्येक क्रमांकापुढे शेरा: ठीक, फांदी छाटली, बुंध्याशी मलबा, नाही. 'नाही' लिहिलं की तारीख आणि फोटो. पूर्वीसारखी गर्दी नसते. पोट्टे पुण्या-बंगलोरला नोकरीला लागले. मॅडम येतात, काका काठी घेऊन येतात, आणि वळसा घालायला आता माझी भाची असते.

मध्यंतरी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वस्तीतून फोन आला. त्यांच्याकडे रस्ता रुंदीकरण होतं, हरकतीचा नमुना हवा होता. नमुना पाठवते म्हटलं, पण आधी सुतळी घ्या, जुन्या घरातले अल्बम काढायला लावा, आणि आवक क्रमांकाशिवाय खिडकी सोडू नका. पलीकडचे भाऊ सगळं लिहून घेत होते. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ताई, वडाच्या पारंब्या वेगळ्या धराच्या का?"